तुमचा तीन, माझा सहा

अहो, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली तुमची काळी गाडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही वर कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोएवढे. गॅरेजातल्या पोरांनी हौसेनं लावलाय, त्यांना काय बोलायचं? कालपासून मी परत अंगणवाडीत जायला लागले. जाता जाता मान वर केली तर आधी गाडी दिसली आणि मग नवरा दिसला.

लोक येतात, बसतात, तुमचं गुणगान करतात. मिस्त्रीसारखा माणूस परत होणे नाही, हात लावला की मेलेलं इंजिन उठून बसायचं. मी मान डोलवते, चहा करते. मला काय वाटतं ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर चारचौघांत सांगण्यासारखं ते नाहीच. रडून झालंय माझं. आता नुसता संताप होतो. तो तुमच्यावरच काढायचा, दुसऱ्या कुणावर काढू? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झालं हिचं सुरू." हो, झालं सुरू. आज ऐकून घ्यायचं.

तंबूपासूनच सांगावं लागेल. काष्टीत बाजारतळाच्या कडेला टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. तंबूत मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडं बाप्ये, पलीकडं आम्ही बायका-पोरी. पडदा पातळ, त्यामुळं पिक्चर दोन्हीकडून दिसायचा. त्या खेपेला आई आम्हा बहिणींना वस्तीवरून चालवत घेऊन आली होती, आणि आत बसल्यावर कळलं की पिक्चर इंग्रजी आहे. बायका चिडल्या. देवाधर्माचं असेल म्हणून आल्या होत्या बिचाऱ्या. पण मी त्या गाडीवरून नजर हलवली नाही. काळीभोर, अंगावर पांढरे पट्टे, धुरळा उडवत यायची आणि अख्खा तंबू तिच्या आवाजानं थरथरायचा. दारावर पांढरा गोल आणि त्यात आकडा.

नवीन लग्नात काय बोलावं ते सुचेना म्हणून तुम्ही विचारलं होतंत, "पिक्चर-बिक्चर बगितलाय का कदी?" मी खाली मान घालूनच सांगितलं, एकच ध्यानात आहे, काळ्या गाडीचा. तुम्ही ताडकन उठून बसलात. "आगं, मीबी हुतो की तितं! पुढच्या अंगाला बसल्तो!" तेव्हा पहिल्यांदा मी तुमच्या तोंडाकडं नीट बघितलं. एकाच तंबूत, एकाच गाडीवर जीव टाकून बसलेली दोन पोरं, मधी एक पडदा. मला वाटलं, देवानं आपली गाठ तिथंच मारली होती. आणि मग दारावरच्या नंबराचं निघालं. तुम्ही म्हणालात तीन. त्याच वेळी मी म्हणाले सहा.

इंग्रजी आकडे तेव्हा आपल्याला कुठं येत होते? मराठी शाळेची पोरं आपण. जे दिसलं ते पाटीवरचाच आकडा म्हणून वाचलं. मी म्हणायचे, खालचं शेपूट नव्हतं, पण सहाच होता. तुम्ही म्हणायचात, शेपूट नव्हतं, पण तीनच होता. मी म्हणायचे, चालवणारा आपल्यासारखाच उजव्या हाताला बसला होता. तुम्ही कपाळावर हात मारून घ्यायचात. "आगं येडे, फॉरेनच्या गाडीचं स्टेरिंग डावीकडं आसतं." तिथं मी अडकायचे. कारण हे मीही ऐकलं होतं. पण डोळ्यांनी बघितलेलं कसं सोडायचं? त्या पहिल्या वर्षी आपण या एका आकड्यावर इतके हसलो, की सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "आरं, दमा की जरा!"

ते भांडण गोड होतं. ते कधी नासलं ते मला नेमकं सांगता येतं.

साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसमागं बाभळीखाली एक कॉन्टेसा मोटार सडत पडली होती. कुण्या जुन्या साहेबाची. काचा गेलेल्या, सीटात उंदरांची घरं. ती तुम्ही ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलीत आणि मला हाक मारलीत, "बग, कोन आलंय." मला तर भंगार दिसलं. तुम्हाला तंबूतली गाडी दिसली. दिवसभर लोकांचे ट्रॅक्टर-ट्रक, आणि दिवे लागले की ही. बोनेट कापून त्यावर हवा घ्यायचं तोंड बसवलंत, पुढचा जबडा रुंद केलात, मागं ही जाडजूड चाकं घातलीत. कुठल्याशा मोडीत निघालेल्या परदेशी जीपचं सहा सिलिंडरचं इंजिन आणून टाकलंत. मी म्हणाले, बघा, आत सहा आहेत तर बाहेर तीन कशाला? तुम्ही पान्हा उगारून माझ्या मागं लागला होतात. सगळं घर ग्रीसच्या वासानं भरलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला तो वास आवडायचा.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, एका दारावर तुमचा काढा, एका दारावर माझा. पुढची दोन दारं, दोघांची गाडी. तुम्ही हसलात आणि दोन्ही दारांवर तीन काढलात.

तिथून ते घराबाहेर गेलं. गॅरेजात येईल त्याला तुम्ही गाडी दाखवायचात आणि गाडीबरोबर मलाही दाखवायचात. "हिला इचारा, ह्यो आकडा कितीचा? सहा म्हनती! आन ही गावाच्या पोरास्नी आकडं शिकिवती!" माणसं पोट धरून हसायची. पोरं चहा सांगायला यायची तर, "काकू, कप तीन का सहा?" कांदेवालासुद्धा, "सहा किलो मंजी तीनच देऊ ना, वैनी?" मी अंगणवाडी सेविका. गावातल्या निम्म्या पोरांनी पहिला तीन आणि पहिला सहा माझ्यापुढं गिरवलाय, बोट धरून गिरवून घेतलाय मी. तुमच्या गॅरेजात खिदळणाऱ्यांतल्या दोघा-तिघांची नाकंही मी पुसली होती. आणि तेच मला विचारत होते, तीन का सहा. तुम्हाला कधी वाटलं नाही का हो, आता बास म्हणावं?

मी तोंडानं फटकळ, त्यामुळं सगळ्यांना वाटायचं हिला काही लागत नाही. लागायचं. पण हसणाऱ्यांत नवराच पुढं असल्यावर बाईनं सांगायचं तरी कुणापाशी?

मीनलला तुम्ही गाडी शिकवलीत. लेक कॉलेजात होती, माळावर नेऊन ओरडून ओरडून शिकवलंत आणि ती शिकली तेव्हा पेढे वाटलेत. म्हणजे बाईमाणसानं चालवू नये असं तुमचं काही नव्हतं. म्हणून मीही म्हणाले, मलाही शिकवा. माझी चूक एवढीच, की ते गॅरेजात म्हणाले, माणसं बसलेली असताना. तुमची जीभ लगेच वळवळली. "जिला तीन आन सहा कळंना, तिला गिअर काय कळनार? तिसरा टाक म्हनलं तर सहावा हुडकत बसंल!" केवढा हशा झाला. मी चहाची किटली तिथंच ठेवून घरात गेले. तुम्ही जेवायला आल्यावर म्हणालात, "आगं, गंमत केली." मग शिकवा, मी म्हणाले. "बगू."

त्या 'बगू'चं पुढं काही झालं नाही. दिवाळीला विचारलं, बगू. मीनल संगमनेरला सासरी गेल्यावर विचारलं, बगू. मग मी विचारायचं सोडलं.

आता सगळं वाईटच सांगितलं तर माझी जीभ झडेल. माझे गुडघे गेल्यावर त्या बुटक्या गाडीत बसणं-उठणं मला जमेना. रज्जाकभाईला बोलावलंत. रज्जाकभाई म्हणजे तुमचा शाळेपासूनचा दोस्त, सीट शिवणारा. त्याला सांगून माझ्या बाजूची सीट वीतभर उंच करून घेतलीत. गाडीचं रूपच गेलं. एक सीट खाली, एक वर. पुण्याचे हौशी लोक फोटो काढायला आले तर म्हणाले, मिस्त्री, एवढं एक बिघडवलंत. तुम्ही म्हणालात, "मालकिनीचं गुडगं दुकत्यात." बस, एवढंच. मी दारात उभी होते. आई जामखेडला बहिणीकडं असताना गेली, तेव्हा तिथपर्यंत तुम्ही मला त्याच सीटवर नेलंत. वाटेत खड्डा आला की हात माझ्यापुढं आडवा धरायचात. असा माणूस दुसऱ्या दिवशी गॅरेजात बसून माझी खिल्ली कशी उडवू शकतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही तुम्हीच होतात.

आता त्या दिवसाचं.

अमावस्या, त्यामुळं गॅरेज बंद. पोरं आपापल्या घरी. दुपारचं जेवण झालं आणि तुम्ही बाजेवर बसून म्हणालात, "आगं, छातीत भरल्यावानी हुतंय." मी पाणी आणेपर्यंत सदरा घामानं भिजला होता. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन नगरला गेलेली, दुसरी पाठवतो म्हणाले. आजूबाजूची माणसं शेतात. तुम्हीच उठलात. "चल, गाडीनं जाऊ." मी म्हणाले, चालवता येईल का? "न येयाला काय झालं?"

मी माझ्या उंच सीटवर बसले. तुम्ही किल्ली फिरवलीत. गाडी एका झटक्यात सुरू झाली. कधी बंद पडली नाही ती, एवढी निगा. पण तुमचा पाय क्लचवर दाबला जाईना. एकदा दाबून बघितलंत, परत दाबून बघितलंत. हात गिअरवर ठेवलात तो तिथंच राहिला. सगळी वस्ती हादरवणारा तो आवाज, टाकी भरलेली, रस्ता समोर, आणि आपण दोघं जागच्या जागी बसलेले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. काय म्हणायचं होतं हो तुम्हाला? मला ते बघणं जेवताना दिसतं, पोरांना गाणं शिकवताना दिसतं. माफ कर म्हणत होतात? का तेव्हाही 'बगू' म्हणत होतात?

मी रस्त्यावर धावले. दुखऱ्या गुडघ्यांनी धावले. मोटारी थांबेनात, उसाच्या ट्रॉल्या थांबून काय उपयोग. शेवटी एका कांद्याच्या पिकअपवाल्यानं ब्रेक मारला. त्यानं आणि मी उचलून तुम्हाला गोण्यांवर घातलं. तालुक्यात नाव असलेल्या गाडीचा मालक कांद्यांवर आडवा होऊन निघाला. दौंडच्या अलीकडं माझ्या हातातला तुमचा हात सैल पडला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मी त्यांना काय सांगू? शेजारची सुमन नंतर म्हणाली, गाडी कितीतरी वेळ दारात तशीच चालू होती, बंद कशी करायची ते तिला कळेना.

मला वाटलं होतं, यापुढं आणखी काही ऐकायचं उरलं नाही. पण रज्जाकभाई भेटायला आला.

मला बरं वाटावं म्हणून सांगत होता बिचारा. "वैनी, एक बात सांगू? तुमचा सहा खरा होता." मला वाटलं, हाही आता तेच सुरू करतोय. तर तो म्हणाला, गाडीला रंग द्यायच्या वेळची गोष्ट. मिस्त्रीनं कागदात तीन कापला आणि नीट आलाय का बघायला गॅरेजाच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. मी बाहेरून आलो. म्हटलं, काय मिस्त्री, सहा का कापला? मिस्त्री बाहेर आला, काचेकडं बघत उभा राहिला. बाहेरून सहाच दिसत होता. मग तेलाच्या डब्यावर बसून हसायला लागला. म्हणाला, "आयला रज्जाक, तंबूत बायका पडद्याच्या मागच्या अंगाला बसल्या हुत्या. त्यांना सगळंच उलटं दिसलं आसनार. आकडाबी, स्टेरिंगबी. आमची म्हनती ते खरंय."

मग? मी विचारलं.

"मग काय, म्हणाला, तिला सांगू नको. डोक्यावर बसंल. आन मग बोलायला काय राहील?"

रज्जाकभाई हसत होता, डोळे पुसत होता. त्याला वाटलं मीही हसेन. अहो, तुम्हाला माहीत होतं. दारावर रंग चढायच्या आधीपासून माहीत होतं! प्रत्येक गिऱ्हाइकापुढं मला उभी करून विचारत होतात, आकडा कितीचा, तेव्हा माहीत होतं. कांदेवाला हसला तेव्हा माहीत होतं. "गिअर काय कळनार" म्हणालात, तेव्हाही. मूर्ख समजून मला शिकवलं नाहीत असं असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. मूर्ख नाही हे ठाऊक असून, हातातली गंमत जाऊ नये म्हणून नाही शिकवलंत. मी गाडी चालवायला लागले असते तर कोण हसलं असतं तुमच्या विनोदाला?

रज्जाकभाई म्हणाला, "पेंटरला सांगतो, एका दारावर सहा काढून टाकू. मिस्त्रीच्या जीवाला पण शांती मिळेल." मी म्हणाले, हात लावू नका. मला आकडा नको होता, रज्जाकभाई. माझ्या माणसानं घरातल्या घरात एकदा म्हणायला हवं होतं, तुझंही खरं आहे. तेवढ्यावर भागलं असतं माझं.

पाहुणे पांगल्यावर मीनल म्हणाली, "मम्मी, चल." मला माळावर घेऊन गेली, तुमच्याच गाडीतून. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या अंगाचा खळगा पडलाय, त्यात उशी घालून मला बसवलं. मला वाटत होतं, काहीतरी फार अवघड असणार. एवढी वर्षं ज्याचा एवढा बडेजाव, ते सोपं कसं असेल? क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, हळू सोडायचा. दोनदा बंद पडली. मग चालली. मीनल टाळ्या वाजवत होती, आणि मी ब्रेक दाबून गाडी मधोमध थांबवली आणि तिथंच भोकाड पसरून रडले. तिला वाटलं तुमची आठवण आली. आठवण कसली? एवढंच होतं हे? ह्याच्यासाठी? एका दुपारी येण्यासारखं होतं, अहो. गुडघा दुखला, पण दाबला गेला. एका दुपारी!

आता कुणी म्हणतं गाडी विका, कुणी म्हणतं चौकात शेड करून ठेवा, मिस्त्रीची आठवण. ठेवतील, विकतील, मला त्याचं काही नाही. माझ्या डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलत नाही. तुम्ही मागच्या सीटवर आडवे पडलाय, छातीवर हात. मी स्टेरिंगवर. गाडी आचके देत निघते आणि तुम्ही मागून ओरडता, "आगं, गिअरबॉक्स फोडती का काय!" गप पडा, मी म्हणते. "ट्रॉली बग, ट्रॉली!" दिसतीय मला. "हॉर्न दे!" देते. "आसं चालवत्यात व्हय?" मग उतरा आणि चालत या. असे भांडत भांडत आपण दौंडच्या दवाखान्याच्या दारात पोचलो असतो. स्ट्रेचरवर घातल्यावरसुद्धा तुम्ही डॉक्टरला पहिलं हेच सांगितलं असतंत, की हिनं माझ्या गाडीची वाट लावली. मग गॅरेजात सांगितलं असतंत, बाजारात, येईल त्या गिऱ्हाइकाला. सगळं गाव हसलं असतं मला. हसू दे की. ऐकून घेतलं असतं मी, अहो. तुम्ही म्हातारे होऊन दात पडेपर्यंत रोज ऐकून घेतलं असतं.